उदाहरण आणि प्रश्न

विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षात गणित हा मुख्य विषय घेतलेला एक विद्यार्थी कल्पनेसमोर आणावा. शाळेपासून गणितात त्याचे गुण उत्तम. कलनाची सूत्रे त्याला मुखोद्गत आहेत, व्याख्या तो शब्दशः लिहू शकतो, आणि विद्यापीठाच्या मागील अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्याने सोडविलेल्या आहेत. एके दिवशी गणितस्पर्धेची एक प्रश्नपत्रिका त्याच्या हाती येते. प्रश्न सहा, वेळ तीन तास. प्रश्नांची भाषा सोपी. अपरिचित अशी एकही संज्ञा त्यांत नाही. तरीही पहिला तास संपतो तेव्हा कागद कोराच असतो, आणि तिसरा तास संपतो तेव्हा त्यावर खोडाखोडीखेरीज काही नसते. घरी परतताना तो मनाशी एक निष्कर्ष काढतो : गणिताची बुद्धी आपल्या ठायी नाही, ज्यांच्या ठायी ती असते ते शाळेतच पुढे निघून गेले, आता फार उशीर झाला.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापासून होणारे नुकसान लहान नाही. ह्या एका दिवसाच्या अनुभवावरून कित्येक होतकरू मुलेमुली गणिताकडे कायमची पाठ फिरवितात. वस्तुतः त्या दिवशी त्यांच्या बुद्धीची परीक्षा झालेली नसते. जे त्यांना कधी शिकविलेच गेले नाही, त्याची परीक्षा झालेली असते. नवा प्रश्न हाताळणे ही एक विद्या आहे. ती शिकता येते, विद्यापीठाच्या वयातही शिकता येते. तथापि ती शिकण्याची रीत पाठ्यपुस्तकातील गणित शिकण्याच्या रीतीहून वेगळी आहे. आणि ही विद्या द्यावयाची असेल, तर स्पर्धेतील प्रश्न घ्यावा आणि शर्यत बाजूस ठेवावी.

दोन शब्दांतील अंतर

शाळेत जे गणित सोडवावयास दिले जाते त्याला मराठीत ‘उदाहरण’ म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. शिक्षक आधी रीत सांगतात, फळ्यावर ती करून दाखवितात, आणि मग त्या रीतीची दहा उदाहरणे देतात. उदाहरण हे कशाचे तरी उदाहरण असते; ते कोणत्या रीतीचे आहे हे धड्याच्या मथळ्यावरूनच कळते. उदाहरणांचा हा अभ्यास त्याज्य नव्हे. तबलजीला जसे बोल बसवावे लागतात, तसे गणिताच्या विद्यार्थ्याला हात बसविण्यासाठी उदाहरणे करावीच लागतात.

प्रश्न ही निराळी वस्तू होय. प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचे नाव नसते. तो बीजगणिताचा आहे की भूमितीचा, त्याला कोणती रीत लागू पडेल, ती रीत विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्यांपैकी आहे की दोन रीतींचा सांधा जुळवावा लागेल, हे शोधणे हाच प्रश्नाचा मोठा भाग असतो. बारा ते पंधरा वर्षे केवळ उदाहरणे सोडविलेल्या विद्यार्थ्यापुढे अचानक प्रश्न ठेवला तर तो गोंधळतो ह्यात नवल नाही. विहिरीच्या काठावर हातपाय मारण्याचा सराव केलेल्याला कोणी पाण्यात ढकलावे, असा हा प्रकार आहे.

हा गोंधळ केवळ भारतीय विद्यार्थ्यांचा होतो असेही नाही. अमेरिका व कॅनडा येथील पदवी विद्यार्थ्यांसाठी १९३८ सालापासून विल्यम लोवेल पटनम ह्यांच्या नावाने एक गणितस्पर्धा भरत आली आहे. तीन तासांची दोन सत्रे, प्रत्येकात सहा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दहा गुण, असे एकूण १२० गुणांचे तिचे स्वरूप आहे. बसणारे विद्यार्थी स्वखुशीने बसतात. म्हणजे गणिताची आवड असलेलेच बहुतेक असतात. तरीही सर्वांचे गुण चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारा आकडा कित्येक वर्षी ० किंवा १ इतकाच भरलेला आहे. म्हणजे निम्म्यांच्या आसपास विद्यार्थी सहा तास बसून एकशेवीसपैकी जेमतेम एखादा गुण घेऊन उठतात. कोरा कागद ही ह्या क्षेत्रातील नित्याची गोष्ट आहे, हे प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

एक प्रश्न सोडविताना

ही विद्या म्हणजे नेमके काय हे एका प्रश्नावरून स्पष्ट होईल. १ ते १०० ह्या संख्यांमधून कोणत्याही ५१ संख्या निवडल्या, तर त्यांत अशा दोन संख्या निश्चितपणे असतात की त्यांपैकी एकीने दुसरीला निःशेष भाग जातो. हे सिद्ध करावयाचे आहे.

नवशिका विद्यार्थी लगेच सूत्र शोधू लागतो. सराव झालेला विद्यार्थी आधी स्वतःला विचारतो : ५१ च का? ५० का नाहीत? ५१ पासून १०० पर्यंतच्या संख्या घेतल्या तर त्या बरोबर ५० भरतात, आणि त्यांतील लहानात लहान संख्येची दुप्पटसुद्धा १०२ होते. म्हणून त्यांत एकीने दुसरीला भाग जाणे शक्य नाही. पन्नास पुरत नाहीत हे कळले. याचा अर्थ, विधान अगदी काठावरचे आहे. ५१ व ५० ह्यांमधील एकाच्या फरकात त्याचे सारे मर्म असले पाहिजे.

एकाचा फरक म्हटला की एक जुने तत्त्व आठवते. कबुतरे ५१ आणि खुराडी ५० असतील, तर एखाद्या खुराड्यात दोन कबुतरे येणारच. तत्त्व इतके साधे आहे की ते लहान मुलालाही पटते. तेव्हा १ ते १०० ह्या संख्यांची ५० खुराडी पाडावयाची, आणि एका खुराड्यातील कोणत्याही दोन संख्यांत भागाचे नाते असेल अशी व्यवस्था करावयाची.

पहिली कल्पना सुचते ती शेजारच्या जोड्यांची : १ व २, ३ व ४, ५ व ६, याप्रमाणे. जोड्या बरोबर ५० होतात. परंतु ३ ने ४ ला भाग जात नाही, योजना फसली. फसलेल्या योजनेचा कागद मात्र फेकू नये. शेजारच्या दोन संख्यांना १ वाचून सामाईक भाजक नसतो. म्हणून ह्याच जोड्यांनी एक निराळे विधान सिद्ध झाले आहे : ५१ संख्या निवडल्या तर त्यांत परस्परांशी सहमूळ अशा दोन संख्या असतातच. एका प्रश्नाचा चुकलेला रस्ता दुसऱ्या प्रश्नाचा राजमार्ग ठरला.

मग लहान प्रकार घेऊन पाहावे. १ ते ६ मधून ४ संख्या निवडावयाच्या असतील, तर तीन खुराडी हवीत. ३ व ६ एकत्र हव्यात, कारण दुसरी पहिलीची दुप्पट आहे. १ व २ एकत्र; पण २ ची दुप्पट ४, तेव्हा तीही त्याच गटात जावी. ५ एकटीच उरते. १, २, ४ हा एक गट, ३, ६ हा दुसरा, ५ हा तिसरा. येथे डोळे उघडतात : जोड्या नव्हे, माळा करावयाच्या! कोणत्याही विषम संख्येपासून निघावे आणि दुप्पट दुप्पट करीत जावे. ३, ६, १२, २४, ४८, ९६ ही एक माळ; ५, १०, २०, ४०, ८० ही दुसरी. एका माळेतील कोणत्याही दोन संख्यांपैकी लहानीने मोठीला भाग जातो. प्रत्येक संख्या एका आणि एकाच माळेत बसते. प्रत्येक माळेचा आरंभ विषम संख्येने होतो, आणि १ ते १०० मध्ये विषम संख्या आहेत ५०. माळा ५०, निवडलेल्या संख्या ५१. सिद्धता पूर्ण झाली.

ही सिद्धता चार ओळींत लिहिता येते. ग्रंथात ती चार ओळींतच छापलेली आढळते, आणि हेच विद्यार्थ्याला फसविते. चार ओळी वाचून त्याला वाटते, लिहिणाऱ्याला हे एकदम दिसले. आपल्याला दिसले नाही. ५० का पुरत नाहीत हा शोध, शेजारच्या जोड्यांची फसलेली योजना, १ ते ६ चा लहान प्रकार, ह्यांपैकी काहीही छापील सिद्धतेत उरलेले नसते. इमारत उभी राहिली की परांची उतरविली जाते. पण गवंडीकाम शिकणाऱ्याने परांचीकडेच पाहिले पाहिजे.

युक्त्यांचा संग्रह पुरेसा नाही

हंगेरीचे गणिती पॉल एर्डॉश १९५९ साली लायोश पोशा नावाच्या मुलाला भेटले. मुलाला बारावे वर्षही पुरे झालेले नव्हते. वर सांगितलेला सहमूळ संख्यांचा प्रश्न त्यांनी त्याला जेवताना घातला, आणि सूप संपवितानाच मुलाने उत्तर दिले की त्या दोन संख्या शेजारच्या असतील. ही कथा गणिताच्या वर्तुळात पुनःपुन्हा सांगितली जाते आणि ऐकणारा विद्यार्थी खचतो. कथेचा उरलेला भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. त्यानंतर एर्डॉश त्या मुलाला पत्रांतून प्रश्न पाठवीत राहिले आणि तो त्यांवर काम करीत राहिला. प्रतिभा असलेल्यालाही प्रश्नांचा सहवास लागला. ज्याला ती थोडी कमी मिळाली असेल त्याला तो अधिक लागेल, इतकेच.

हा सहवास म्हणजे युक्त्यांची यादी पाठ करणे नव्हे. खुराड्यांचे तत्त्व सांगावयास एक मिनिट पुरते. वरील प्रश्नात ते तत्त्व अडचणीचे नव्हतेच. खुराडी कोणती करावयाची हे अडचणीचे होते, आणि ते कोणत्याही यादीत लिहिलेले नसते. हंगेरीतच घडलेले जॉर्ज पोल्या ह्यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात प्रश्न सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घेणे, योजना करणे, ती पार पाडणे, आणि शेवटी मागे वळून पाहणे. चौथी पायरी विद्यार्थी बहुधा गाळतात. उत्तर आले की पुस्तक मिटतात. वस्तुतः शिकणे तेथेच सुरू होते. १०० ऐवजी कोणतीही सम संख्या घेतली तर काय होईल? ५१ संख्यांत एकीने दुसरीला भाग जातो. मग तीन संख्यांची अशी साखळी हवी असेल तर किती निवडाव्या लागतील? असे दोन प्रश्न स्वतःला घातले की एका प्रश्नाची तीन प्रश्नांइतकी कमाई होते.

अमेरिकेतील अ‍ॅलन शॉनफेल्ड ह्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विद्यापीठातील विद्यार्थी प्रश्न सोडविताना काय करतात ह्याचे बारकाईने निरीक्षण मांडले आहे. त्यांना आढळले ते असे की, विद्यार्थी प्रश्न वाचतात, जो मार्ग प्रथम सुचेल तो धरतात, आणि वेळ संपेपर्यंत त्याच मार्गाने जात राहतात. त्यांना गणित येत नव्हते असे नाही. आपण कोठे चाललो आहो हे थांबून पाहण्याची सवय त्यांना नव्हती. शॉनफेल्ड वर्गात फिरताना विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारीत : तू नेमके काय करीत आहेस, ते का करीत आहेस, आणि त्याचा तुला पुढे काय उपयोग होणार? आरंभी उत्तरे येत नसत. हेच प्रश्न वारंवार कानी पडल्यावर विद्यार्थी ते स्वतःच स्वतःला विचारू लागत. हा बदल विद्यापीठाच्या वयात घडतो, ही ह्या अनुभवातील दिलासा देणारी गोष्ट आहे.

केंब्रिजचा धडा

इतके म्हटल्यावर कोणी सुचवील की प्रत्येक विद्यापीठाने स्पर्धा भराव्यात, क्रमांक लावावेत, पदके द्यावीत. येथे इतिहासाकडे पाहणे हिताचे ठरेल. केंब्रिज विद्यापीठाची ट्रायपॉस परीक्षा ही एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध गणितस्पर्धाच होती. तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे क्रमांक जाहीर होत. पहिल्या वर्गातील मंडळींना ‘रँग्लर’ म्हणत आणि पहिल्याला ‘सीनियर रँग्लर’. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने हे पहिले स्थान मिळविले, आणि ‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. परतंत्र देशातील एका तरुणाने राज्यकर्त्यांच्या विद्यापीठात त्यांच्याच परीक्षेत अग्रस्थान मिळवावे, ह्याचे मोल त्या काळी केवढे होते हे सांगावयास नको.

तथापि त्या परीक्षेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. क्रमांकासाठी विद्यार्थी महाविद्यालयातील व्याख्याने सोडून खाजगी शिक्षकांकडे जात. एडवर्ड राउथ ह्या एकाच शिक्षकाच्या हाताखालून वीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. राउथ स्वतः १८५४ साली पहिले आले होते. त्या वर्षी दुसरे आले होते जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युत् आणि चुंबकत्व ह्यांचा संबंध जगाला उलगडून दाखविणारा मनुष्य परीक्षेत दुसरा यावा, ह्यात परीक्षेचा दोष नाही. परंतु क्रमांकाला किती महत्त्व द्यावे हे त्यावरून कळते. प्रश्न पाहताच हात चालला पाहिजे, थांबून विचार करावयास वेळ नाही, अशी ती शर्यत झाली होती. यूरोपात गणिताच्या पायाविषयी जे नवे विचार चालले होते ते केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपर्यंत फार उशिरा पोचले. १८९८ साली चौथे आलेले जी. एच. हार्डी हे पुढे ह्या पद्धतीचे कठोर टीकाकार झाले. गणित म्हणजे काय हे त्यांना परीक्षेच्या तयारीतून कळले नव्हते, तर फ्रेंच गणिती जॉर्डां ह्यांच्या विश्लेषणावरील ग्रंथातून कळले होते. १९०९ नंतर ट्रायपॉसमध्ये क्रमांक जाहीर करणे बंद झाले.

ह्याच्या उलट एक नमुना हंगेरीत आढळतो. तेथे १८९४ साली शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा सुरू झाली, आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांसाठी प्रश्न छापणारे एक मासिकही सुरू झाले. मासिकात दर महिन्याला प्रश्न येत. विद्यार्थी आठवडे घालवून ते सोडवीत. फेयेर, फॉन कारमान, सेगो ह्यांसारखे पुढे नामांकित झालेले अनेक शास्त्रज्ञ ह्या स्पर्धेतील पारितोषिकविजेते होत. विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी तेथे १९४९ पासून मिक्लोश श्वाइत्सर ह्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या तरुण गणित्याच्या स्मरणार्थ जी स्पर्धा होते, तिचा नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सुमारे दहा प्रश्न आणि दहा दिवसांचा अवधी. ग्रंथ, टिपणे, सारे काही पाहण्याची मोकळीक. ही स्पर्धा असूनही शर्यत नाही. विद्यार्थी प्रश्नाबरोबर उठतो, जेवतो, झोपतो. गणिती माणूस प्रत्यक्षात असाच काम करतो.

सहा महिने वाट पाहणारा प्रश्न

ही रीत भारताला अपरिचित आहे असे कोणी समजू नये. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर ह्यांच्या पुढाकाराने भारतीय गणिती मंडळींनी एक संस्था स्थापन केली. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी ह्या नावाने प्रसिद्धीस आली. तिचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात परांजपे ह्यांच्या देखरेखीखाली होते. संस्थेच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न छापले जात. १९११ साली श्रीनिवास रामानुजन ह्यांनी त्यात एक प्रश्न घातला. त्या वेळी त्यांच्याजवळ पदवी नव्हती आणि स्थिर नोकरीही नव्हती. पुढील अनंत राशीची किंमत काढा, असा तो प्रश्न होता :

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

सहा महिन्यांत कोणाकडूनही उत्तर आले नाही. शेवटी रामानुजन ह्यांनीच ते दिले : किंमत ३. मार्ग असा. ३ हे √(१ + २×४) आहे, कारण मुळाखाली ९ येतात. आता त्यातील ४ म्हणजे √(१ + ३×५), कारण मुळाखाली १६ येतात. त्यातील ५ म्हणजे √(१ + ४×६). याप्रमाणे शेवटचा अवयव पुनःपुन्हा उलगडीत गेले की दिलेली राशी डोळ्यांपुढे उभी राहते. एका राशीची किंमत काढण्याऐवजी सबंध कुळाचा नियम शोधावा, म्हणजे मूळ प्रश्न आपोआप सुटतो, ही त्यातील शिकवण आहे.

परंतु विद्यापीठातील विद्यार्थ्याने येथे थांबू नये. कारण ह्याच मार्गाने ४ सुद्धा उत्तर काढता येईल! ४ म्हणजे √(१ + २×साडेसात). साडेसात म्हणजे √(१ + ३×१८ पूर्णांक ५/१२). आणि असेच पुढे. मग किंमत ३ का, ४ का नाही? ह्याचे उत्तर उलगडण्यात नाही, सीमेच्या कल्पनेत आहे. राशी न-व्या पायरीवर तोडली असता जी निश्चित संख्या मिळते, ती न वाढत गेल्यावर कशाच्या जवळ जाते हे पाहिले पाहिजे. ती ३ च्याच जवळ जाते हे दाखवावे लागते. पुढे टी. विजयराघवन ह्यांनी अशा राशी केव्हा अभिसारी असतात ह्याचा निकष दिला. पदवीच्या वर्गात सीमेची व्याख्या शिकविली जाते तेव्हा विद्यार्थ्याला वाटते, इतक्या काटेकोरपणाची गरज काय? ३ आणि ४ ह्यांचा हा वाद त्याच्यासमोर ठेवला तर ही गरज त्यालाच भासेल. चांगला प्रश्न सिद्धांताला बाजूस सारीत नाही; तो सिद्धांताची भूक उत्पन्न करतो.

महाविद्यालयांनी काय करावे

ह्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गणित विभागाच्या दाराशी दर सोमवारी एक प्रश्न लावावा, एकच. त्याला गुण नसावेत, क्रमांक नसावा, आणि आठवडाभर उत्तर सांगितले जाऊ नये. शनिवारी एक तास विद्यार्थ्यांनी जमावे. ज्याला प्रश्न सुटला असेल त्याने सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहून आणावी, आणि दुसऱ्याने तीत खिंडार शोधावे. सुचणे ही अर्धीच विद्या आहे. जे सुचले ते दुसऱ्याला पटेल असे लिहिणे ही उरलेली अर्धी. ज्याला प्रश्न सुटला नसेल त्याने आपली फसलेली योजना सांगावी, आणि ती ऐकण्यासही तितकाच वेळ द्यावा. शिक्षकांनी कधीमधी असा प्रश्न आणावा की ज्याचे उत्तर त्यांनाही ठाऊक नाही. आपले गुरुजी अडखळतात, मागे येतात, पुन्हा निघतात, हे एकदा पाहिलेला विद्यार्थी कोऱ्या कागदाला भीत नाही.

भारतात असे प्रयत्न झालेले आहेत आणि होत आहेत. एस. कुमारेसन ह्यांनी १९९३ साली सुरू केलेल्या गणित प्रशिक्षणाच्या उन्हाळी वर्गांत व्याख्यानापेक्षा विद्यार्थ्याला विचारते करण्यावर भर दिला जातो. केरळच्या माधव ह्या मध्ययुगीन गणित्याच्या नावाने पदवी विद्यार्थ्यांसाठी जी स्पर्धा भरते, तिची व्यवस्था पाहण्यात पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचा गणित विभाग अग्रभागी राहिला आहे. परंतु उन्हाळी वर्ग थोड्यांनाच लाभतात, आणि स्पर्धा वर्षातून एकदाच येते. सोमवारचा प्रश्न मात्र तालुक्याच्या महाविद्यालयालाही परवडतो.

ह्या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की अभ्यासक्रमच पुरा होत नाही, तेथे प्रश्नांना वेळ कोठून आणावा? ह्याला उत्तर इतकेच की जो अभ्यासक्रम पुरा झाल्यावरही विद्यार्थ्याला एक नवा प्रश्न हाताळता येत नाही, तो पुरा झाला असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : स्पर्धेतील प्रश्न म्हणजे गणित नव्हे. त्याला उत्तर आहे, ते लहान आहे, आणि तीन तासांत सापडावे अशा बेताने ते बेतलेले आहे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. संशोधनात असा कोणताच शब्द कोणी दिलेला नसतो. हे खरे आहे. म्हणूनच स्पर्धेत अपयश आले तर कोणी गणित सोडू नये, आणि यश आले तर आपण गणिती झालो असेही समजू नये. आखाडा म्हणजे रणांगण नव्हे. पण आखाड्याची माती न लागलेला गडी रणात टिकत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी सांगणे अगत्याचे आहे. विद्यापीठात ग्रंथ इंग्रजी असतात, आणि पुष्कळ मुले भाषेच्या भीतीनेच मागच्या बाकावर सरकतात. चांगल्या प्रश्नाचे विधान दोन-तीन ओळींचे असते. ते एकदा समजून घेतले की पुढचा विचार घरच्या भाषेत करता येतो. १, २, ४ ही माळ आणि ३, ६ ही दुसरी, हे सुचण्यासाठी इंग्रजी लागत नाही. ग्रंथाची भाषा सावकाश येईल. विचार तोवर खोळंबून ठेवू नये.

आरंभी उल्लेखिलेला विद्यार्थी खोडाखोडीने भरलेला कागद घेऊन घरी गेला होता. त्याने तो कागद टाकून देऊ नये. त्यातील एखादा प्रश्न उचलावा, लहान आकडे घेऊन पाहावा, दोन दिवस बाजूस ठेवावा, पुन्हा हाती घ्यावा, मित्राला सांगावा. छापील उत्तर लगेच उघडू नये. उघडलेच तर पहिली ओळ वाचून मिटावे आणि पुढचे स्वतः करावे. तीन तासांत जे झाले नाही ते तीन आठवड्यांत झाले, तरी ते झालेच. त्याला उशीर म्हणण्याचे कारण नाही. आणि शिक्षकांनी, ग्रंथपालांनी व संस्थाचालकांनी एवढे पाहावे की त्या तीन आठवड्यांत तो एकटा पडणार नाही.